डावं पान शंकेसाठी

गावात लिहिणाऱ्याला दोनच अभिप्राय मिळतात. एक, ‘वा वा, लय भारी!’ आणि दुसरा, ‘काम ना धंदा, कविता करून रायला.’ पहिल्यानं हाती काही लागत नाही, दुसऱ्यानं रात्रीची झोप जाते. गंमत म्हणजे दोन्ही देणाऱ्यांनी मजकूर वाचलेला नसतो. पहिल्यानं सवयीनं अंगठा दाखवलेला असतो, दुसऱ्यानं फक्त वही पाहिलेली असते.

विदर्भातल्या खेड्यात लिहिणाऱ्याचं दुखणं टीका फार होते हे नाहीच. कामाची टीका मिळत नाही, हे आहे. ती मिळाली नाही की तिची जागा मनातली शंका घेते, आणि शंका कधी मुद्द्याचं बोलत नाही. ‘तिसऱ्या परिच्छेदातलं दुसरं वाक्य लंगडं आहे’ असं ती सांगत नाही. ती म्हणते, ‘तुले काय येते?’ त्याला उत्तर नसतं, म्हणून माणूस वही मिटतो. शंका माणसावरून उचलून ओळीवर ठेवता आली तर तिच्याशी काहीतरी करता येतं. ते कसं, एवढंच इथे लिहितो आहे.

लिहायला बसण्याआधीची शंका बहुतेक वेळा शंका नसतेच, थकवा असतो. दिवसभर सोयाबीन सोंगून आलेल्या माणसाला रात्री नऊ वाजता शब्द सुचत नसतील, तर त्यात प्रतिभेचा काही संबंध नाही. पाठ दुखते आहे, एवढंच. घाईच्या दिवसांत नवं लिहू नये. ऐकलेली वाक्यं टिपून ठेवावीत, जुन्या मजकुरातली ह्रस्व-दीर्घं पाहावीत आणि झोपावं. तूर घरात आली की हात मोकळा होतो. पुढे उन्हाळ्यात दुपारी बारा ते चार घराबाहेर पडायची सोयच नसते. आपल्याकडचा सगळ्यात मोठा मोकळा वेळ तो.

खरी शंका येते मजकूर अर्ध्यावर असताना. तिचं कारण साधं आहे. सुरुवातीला डोक्यात फक्त चित्र असतं. अर्ध्यावर आल्यावर डोक्यात चित्र असतं आणि समोर कागद असतो, आणि कागद चित्रापुढे नेहमी फिका पडतो. वाचणाऱ्याच्या डोक्यात ते चित्र नसतंच, त्यामुळे त्याला हा फरक दिसत नाही. तो फक्त लिहिणाऱ्यालाच छळतो, तोही मागचं सारखं वाचत राहिलं तर जास्त.

यावर एक साधी सोय करता येते. दोनशे पानी वही घ्या. मजकूर फक्त उजव्या पानावर लिहा, डावं पान कोरं ठेवा. लिहिताना शंका आली की डाव्या पानावर, त्या ओळीच्या बरोबर समोर, पेन्सिलीनं पाच-सहा शब्दांत टाका: ‘संवाद खोटा वाटतो’, ‘बाप इतका का बोलतो?’, ‘बियाण्याचं नाव विचार’. टाकली की पुढे चला. नियम एकच: शंका कोणत्या तरी ओळीसमोरच लिहायची. ‘सगळंच भिकार आहे’ ही शंका लिहायला गेलात तर ती ठेवायला ओळ सापडत नाही. मग ती लिहायची नाही. पुष्कळशा शंका इथेच गळून पडतात. डावं पान कच्चा खर्डा पुरा होईपर्यंत वाचायचं नाही, हे मात्र पाळावं लागतं. रोज रात्री ते वाचत बसलात तर वही शिव्यांची होते. उठताना उद्याचं पहिलं वाक्य डाव्या पानाच्या तळाशी लिहून ठेवा, म्हणजे दुसऱ्या दिवशी कोऱ्या जागेसमोर बसावं लागत नाही.

मोबाइलवर लिहिणाऱ्यांना डावं पान नाही. त्यांनी ओळीच्या शेवटी दोन फुल्या टाकून शंका तिथेच लिहावी, नंतर फुल्या शोधून काढता येतात. मोबाइलची खोड वेगळीच आहे. ‘मले’ लिहिलं की तो ‘मला’ सुचवतो, आणि घाईत बोट त्यावरच पडतं. म्हातारी एका ओळीत वऱ्हाडी बोलते, दुसरीत पुस्तकी. हे तपासायचं राहिलं तर वाचणाऱ्याला पात्रच खोटं वाटतं. तो ‘भाषा कृत्रिम आहे’ म्हणतो आणि लिहिणारा खचतो. चूक असते बोटाची.

खर्डा झाला की पडू द्या. लेख असेल तर तीन-चार दिवस, कथा असेल तर पंधरा. कवितेला महिना द्यावा, कारण तिची चाल कानात बसलेली असते आणि चालीखाली खोट झाकली जाते. मग मोठ्यानं वाचा, मोबाइलवर रेकॉर्ड करा आणि वावरात जाता-येता ऐका. आपलीच जीभ अडखळते तिथे खूण करा. अडखळण्याची कारणं थोडीच असतात. एका वाक्यात दोनदा ‘जे-ते’ आलेलं असतं, किंवा ‘येऊन, बसून, बघून, उठून’ अशी आगगाडी लागलेली असते, नाहीतर ‘आसमंत’, ‘प्रफुल्लित’ असा एखादा शब्द असतो जो लिहिणाऱ्याच्या घरात आजवर कुणी उच्चारलेला नाही. तिन्हींवर उपाय दहा मिनिटांचा आहे. तो न करता ‘मला लिहिता येत नाही’ म्हणत बसणं म्हणजे काटा न काढता पायालाच शिव्या देणं.

आता वाचणारे. तीन पुरतात, पण तिघं तीन तऱ्हांचे हवेत.

पहिला, विषयाचा जाणकार. कथा कापसावर असेल तर कापूस वेचणारी बाई, दवाखान्यावर असेल तर गावातली आशाताई. त्यांना वाचायला सवड नसेल, कुणाला अक्षर येत नसेल, तर वाचून दाखवा, आणि वाचताना मान वर करून त्यांच्या हाताकडे पाहा. माणूस तंबाखू मळायला लागला की तुमचा मजकूर सैल पडला आहे. बाई पोराला हाक मारते, उठून चुलीतलं लाकूड सरकवते, ती जागा टिपा. हा अभिप्राय कुणी तोंडानं देत नाही, म्हणून तो खोटाही नसतो. पूर्व विदर्भातले झाडीपट्टीचे नाटकवाले याच परीक्षेतून जातात. गडचिरोली जिल्ह्यातलं वडसा हे त्यांचं ठाणं. दिवाळीनंतर हंगाम सुरू झाला की रात्र-रात्र प्रयोग चालतात आणि थंडीत बसलेलं गाव लेखकाचं नाव बघून थांबत नाही. प्रवेश पडला की लोक चहाला उठतात. दुसऱ्या गावाला जाण्याआधी तो प्रवेश कापायचा की नाही, हे तिथे अहंकारावर ठरत नाही.

दुसरा, भाषेचा जाणकार. बहुधा निवृत्त गुरुजी. त्यांना देताना एक काळजी घ्यावी लागते. लाल पेन हातात आलं की ते फक्त वेलांट्या बघतात आणि लाल झालेलं पान पाहून लिहिणाऱ्याचा धीर सुटतो. म्हणून शुद्धलेखन आधी स्वतः उरकून टाका. मराठी साहित्य महामंडळाचे १९६२ चे चौदा नियम आणि १९७२ मध्ये वाढवलेले चार, एवढाच पसारा आहे. दोन संध्याकाळचं काम. कवी, गुरू अशा शब्दांचा शेवट दीर्घ, नागपूर-सोलापूरमधला ‘पू’ दीर्घ, आणि ‘गरीब’चं ‘गरिबाला’, ‘फूल’चं ‘फुलाला’ होताना दीर्घाचा ह्रस्व, एवढं सांभाळलं तरी पान बरंच स्वच्छ होतं. मग गुरुजींना सांगा, ‘सर, वेलांट्या मी पाहिल्या. कुठं समजलं नाही तेवढंच सांगा.’

तिसरा, खूप वाचणारा आणि शक्यतो विदर्भाबाहेरचा. गावातच शोधायचा तर वाचनालयात जा, सरकारी प्रतवारीत सगळ्यात खालच्या ‘ड’ वर्गाचं का असेना. ग्रंथपालाला देवघेवीचं रजिस्टर दाखवायला सांगा. भाषणात वाचनसंस्कृतीवर बोलणाऱ्यांची नावं त्यात सापडतीलच असं नाही. दर आठवड्याला पुस्तक बदलणारी एखादी अंगणवाडी सेविका किंवा एसटीचा कंडक्टर मात्र सापडतो. तो तुमचा वाचक. तालुक्याला विदर्भ साहित्य संघाची शाखा असेल तर तिथेही डोकवावं. संघ १९२३ पासूनचा आहे, आणि तिथल्या व्यासपीठापेक्षा मागच्या खुर्च्यांवर बसणारी मंडळी आपल्या जास्त कामाची.

ज्यांना द्यायचं नाही तेही सांगून टाकतो. आपल्याला कविता पाठवणारे कवी. त्यांच्याशी आपला स्तुतीचा उसनवार असतो. ते ‘अप्रतिम’ म्हणतात कारण परवा आपण म्हटलं होतं. आणि घरची माणसं. ती मजकूर वाचत नाहीत, आपला चेहरा वाचतात.

‘कसं वाटलं?’ असं कधीही विचारू नका. या प्रश्नाला ‘छान’ हेच उत्तर येतं. तीनच प्रश्न विचारा: कुठं कंटाळा आला? कुठं समजलं नाही? काय खोटं वाटलं? आणि उत्तर ऐकताना खुलासा करू नका. ‘त्याचं काय आहे, ती म्हातारी खरं म्हणजे...’ असं सुरू झालात की समोरचा भिडेपोटी गप्प होतो. छापून आलेल्या पानाबरोबर तुम्ही खुलासा करायला प्रत्येक घरी जाणार नाही.

अशी टीका किती मोलाची असते ते एका परिच्छेदावर दाखवतो. समजा, लिहिलं आहे:

‘आषाढ लागला होता. कापसाच्या पांढऱ्याशुभ्र बोंडांनी सारं शेत हसत होतं. म्हातारी धुऱ्यावर बसून डोळे पुसत होती.’

वेचणारी बाई पहिल्याच ओळीला अडवेल. ‘आखाडात कापूस कुठी फुटते बाप्पा? अन् बोंड कवापासून पांढरं झालं?’ तिचं दोन्ही खरं आहे. आषाढात पऱ्हाटी, म्हणजे कापसाचं झाड, नुकती चार पानांवर आलेली असते, डवरणी-निंदणीचे दिवस. बोंड हिरवं असतं, ते वाळून उकललं की आतला कापूस पांढरा दिसतो. वेचा लागतो तो दसरा-दिवाळीच्या सुमारास, सीतादही म्हणजे पहिल्या वेच्याची पूजा करून. मग ती तिसरं विचारते, ‘म्हातारी रडते काहून?’ हा प्रश्न सगळ्यात मोठा. ‘शेत हसत होतं’ या तयार वाक्यामागे लिहिणाऱ्यानं म्हातारीचं रडणं दडवून टाकलं आहे, कारण ते काय आहे हे त्यालाच ठरवता आलेलं नाही. आता तोच परिच्छेद:

‘दसरा गेला तरी पहिला वेचा लागला नव्हता. म्हातारीनं धुऱ्याजवळच्या पऱ्हाटीचं एक हिरवं बोंड तोडलं, अंगठ्यानं दाबून फोडलं. आत गुलाबी अळी वळवळत होती. तिनं दुसरं तोडलं.’

२०१७ च्या हंगामात बोंडअळीनं काय केलं हे ज्यानं पाहिलं आहे, त्याला इथे डोळे पुसून दाखवावे लागत नाहीत. त्या बाईनं ‘असं लिही’ म्हणून एक शब्दही सांगितला नव्हता. तिनं फक्त जागा दाखवली.

म्हणून टीका वेगळी काढताना हे धरून चालावं: जागा बहुधा बरोबर असते, सुचवलेलं औषध बहुधा चुकतं. जनावर लंगडतं आहे हे रस्त्यानं जाणाऱ्यालाही दिसतं, पण काटा कोणत्या खुरात आहे ते मालकानं खाली बसून पाहायचं. ‘शेवट गोड करा’ असं कुणी म्हणालं तर शेवट गोड करू नका, पण शेवटाशी काहीतरी अडलं आहे हे माना. कधी कधी ते अडणं शेवटात नसतंच, दोन पानं आधी एखादी गोष्ट सांगायची राहून गेलेली असते.

टीका ऐकल्या दिवशी काही बदलू नका. एक रात्र जाऊ द्या. दुसऱ्या दिवशी कागदावर दोन रकाने पाडा, मजकुरावरचं एका बाजूला, माणसावरचं दुसऱ्या. ‘लेखक होऊन रायला मोठा’ हे दुसऱ्या रकान्यात जातं आणि त्या रकान्याचं पुढे काहीच करायचं नसतं. पहिल्या रकान्यात तिघांपैकी दोघं एकाच जागी अडखळले असतील तर ती जागा बदलायची, तुम्हाला कितीही आवडत असली तरी. एकटाच अडखळला असेल तर जागा तपासायची. शेतीतली चूक शेतकऱ्यानं एकट्यानं दाखवली तरी ती चूकच, तिथे मतदान नसतं.

हे तपासून घेण्याचं काम आपल्याकडे नवं नाही. तेराव्या शतकात, अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरला, म्हाइंभटांनी लीळाचरित्र या चक्रधरस्वामींच्या चरित्रासाठी लीळा, म्हणजे त्यांच्या आठवणी, जमवल्या त्या ज्यांनी पाहिल्या-ऐकल्या त्यांना विचारून, आणि महानुभाव पंथाचे आचार्य नागदेवाचार्य यांच्याकडून तपासून घेऊन. मराठी गद्याचा आरंभच असा ‘हे असंच घडलं होतं का?’ विचारत झालेला आहे. आपल्या कथेतली तारीख कुणी दुरुस्त केली तर त्यात कमीपणा कसला?

बोलीवरची टीका मात्र वेगळी हाताळावी लागते, कारण तिथे लिहिणारा सगळ्यात लवकर शरमतो. ‘हे वऱ्हाडी कुणाला समजणार?’ असं पुण्या-मुंबईकडचा वाचक म्हणाला की लोक सगळं पुसून ‘मला-तुला’ करतात. तसं करू नका. १९६२ च्या नियमांतही पात्राच्या तोंडची भाषा उच्चाराप्रमाणे लिहायला मोकळीक आहे. उद्धव शेळक्यांची ‘धग’ ही कादंबरी १९६० मध्ये वऱ्हाडी संवाद घेऊनच आली आणि मराठीभर वाचली गेली. पण ‘समजत नाही’ ही तक्रार खरी असू शकते, आणि तिचं उत्तर वाक्यातच द्यायचं असतं. ‘धुरा’ कळत नसेल तर ‘दोन वावरांच्या मधल्या धुऱ्यावर’ लिहा, काम झालं. तळटीप नको. बोली एकसारखी ठेवा. वऱ्हाडातला माणूस डोळ्याला ‘डोया’ म्हणतो, झाडीपट्टीतला ‘डोरा’. अकोल्याच्या म्हातारीच्या तोंडी ‘डोरा’ आला तर ती अकोल्याची राहत नाही. आणि निवेदन प्रमाण मराठीत ठेवायचं की बोलीत, हे पहिल्या पानावर ठरवून तिथेच राहा.

गावात आणखी एक टीका होते, ती साहित्यातली नसतेच. ‘आमच्या घरचं चव्हाट्यावर मांडलं.’ शहरातल्या लेखकाला शेजारी ओळखत नाही. इथे नाव बदललं तरी विहीर कुणाची, पाय कुणाचा अधू, हे सगळ्या गावाला कळतं. ही तक्रार दुसऱ्या रकान्यात ढकलू नका, ती खरी असते. नुसतं नाव बदलून भागत नाही. ओळख पटवणाऱ्या निदान चार गोष्टी बदलाव्या लागतात: घराची जागा, मुलांची संख्या, धंदा आणि ती एक गोष्ट जिच्यामुळे माणूस गावात प्रसिद्ध आहे. चौथी बदलताना जीवावर येतं, कारण बहुधा तिच्यासाठीच कथा लिहिलेली असते. ज्या घरात आत्महत्या झाली आहे, त्या घराचा तपशील विचारल्याशिवाय उचलू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. लिहिणाऱ्या बायांना हाच आक्षेप सासर आणि माहेर अशा दोन्हींकडून येतो. त्यांनी खर्डा घरात कुणालाही न दाखवता पहिला वाचक घराबाहेरचा शोधावा.

कौतुकानं शंका जाईल या आशेवर राहू नका. पॉलिन क्लान्स आणि सुझान आइम्स या मानसशास्त्रज्ञांनी १९७८ मध्ये नेमकं हेच मांडलं होतं: चांगलं यश मिळवलेल्या बायकाही ते आपल्या गुणांचं मानत नव्हत्या, आपलं पितळ कधीतरी उघडं पडेल असं त्यांना वाटत राहायचं. संमेलनाचं प्रमाणपत्र आणि शाल यांचंही तेच होतं. पैसे भरून प्रातिनिधिक संग्रहात कविता छापून घेतली की आठवडाभर बरं वाटतं. पण तिथे कुणी ओळ नाकारत नाही, म्हणून शिकायलाही काही मिळत नाही. तेवढ्या पैशात वर्षभराची पुस्तकं येतात.

राहिला संपादकांचा नकार. आता ‘साभार परत’ क्वचितच येतं, बहुतेक ठिकाणी शांतताच असते. शांततेचा अर्थ ‘वाईट’ असा लावू नका. मजकूर शब्दमर्यादेपेक्षा दुप्पट असतो, त्याच विषयावरचं दुसरं काही आधीच घेतलेलं असतं, किंवा वेळ चुकलेली असते. दिवाळी अंकांचं साहित्य पावसाळ्यातच ठरतं, नवरात्रात पाठवलेली कथा कशीही असली तरी बसत नाही. कधी मजकूर उघडतच नाही. तालुक्याच्या टायपिंगवाल्यानं जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलं असेल तर पलीकडे नुसते चौकोन आणि खुणा दिसतात. युनिकोडमध्येच टाइप करून घ्या, सोबत पीडीएफ जोडा.

वहीच्या शेवटच्या चार पानांवर तक्ता करा: कथेचं नाव, कितवा खर्डा, कुठं पाठवली, तारीख, उत्तर. तीन महिने थांबा, मग एकदाच, दोन ओळींत विचारा. त्यानंतर महिनाभरात काही आलं नाही तर आता दुसरीकडे पाठवत असल्याचं कळवा आणि पाठवा. एकाच वेळी दोघांना पाठवू नका, दोन्हीकडे छापून आली तर दोन्ही दारं बंद होतात. पाठवण्याआधी कथा पुन्हा लिहायला बसू नका, डावं पान तेवढं एकदा चाळा.

आणि हे सगळं करूनही ‘तुले काय येते?’ हा आवाज वहीपुरता राहत नसेल, दोन-दोन आठवडे झोप नाही, जेवण नकोसं, जगण्याबद्दलच वाईट विचार येत असतील, तर ते लेखनाचं दुखणं नाही आणि त्याला वही पुरणार नाही. १४४१६ हा टेलिमानसचा, म्हणजे मानसिक आरोग्याच्या मदतीचा, सरकारी नंबर आहे, फोन फुकट लागतो, रात्रीही लागतो आणि मराठीत बोलता येतं. जिल्ह्याच्या सामान्य रुग्णालयातही मनोविकाराचे डॉक्टर असतात. जाताना सोबत कुणाला तरी न्या.